तिनं मागावं म्हणून

तळ्यातलं पाणी हटत हटत पार मधोमध गेलं होतं. कडेला नुसता चिखल, आणि त्या चिखलात दोरवाला आणि त्याची बायको गुडघ्यापर्यंत रुतून घायपाताच्या पानांचे भारे ओढत होते. पानं पाण्यात बुडून कुजली तर आतला धागा, म्हणजे वाख, सुटतो, आणि वाख सुटला तर दोर होतो. पण पाणीच पळायला लागल्यावर भारे त्याच्यामागं न्यायचे तरी कुठवर? रोज सकाळी उठून कालचे भारे आणखी आत ढकलायचे, हा एक नवाच उद्योग त्यांच्यामागं लागला होता. अंगाला कुजका वास, नखांत हिरवट काळं, आणि पानांच्या रसानं सुटलेली खाज. खाजवायला हात मोकळा नसे, म्हणून दोरवाला खांद्यावरच गाल घासायचा.

काठावरच्या दगडावर त्यांची पोर बसली होती. बसली म्हणजे, तिच्या कमरेची दोरी मागच्या झाडाच्या बुंध्याला बांधली होती म्हणून बसली होती. दोर वळणाऱ्यांच्या घरात दोरीला काय तोटा. बांधताना आई रोज सैल गाठ मारायची, आणि रोज मारताना तिचं तोंड कडू व्हायचं. पण सोडावी तर पोर सरळ पाण्यात चालत जाई, आणि नाकातोंडात पाणी गेलं तरी हाक मारत नसे.

तिला घरात भोवरी म्हणत. मनाला बरं वाटलं की ती जागच्या जागी गरगर फिरायची, त्यावरून आत्यानं, म्हणजे दोरवाल्याच्या थोरल्या बहिणीनं, हे नाव ठेवलेलं. भोवरीला सात सरून आठवं लागलं होतं. शब्द एकही नव्हता. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या दुखण्याचं नाव सांगितलं होतं, ते चऱ्हाटासारखं लांब होतं. आत्या त्याला नुसतं ‘तिचं ते’ म्हणायची.

“संपलं हे तळं,” दोरवाला म्हणाला. “शाळा उघडायच्या सुमाराला इथं म्हशीसुद्धा बसायच्या नाहीत.”

“मग?”

“मग नदी. सगळे तिकडंच निघालेत. पहाटे निघायचं, अंधार पडता परत.”

“आणि भोवरी?”

दोरवाल्यानं भारा सोडला आणि कंबर सरळ केली. हा प्रश्न त्यानं बऱ्याच दिवसांपासून घोळवला होता, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. “नदीला नेऊन बांधणार का तिला? अक्काला धड दिसत नाही, ती काय राखणार? शहरात ती संस्था आहे ना, अशी मुलं ठेवून घेतात. मी विचारून आलोय. शाळा उघडेपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाले.”

“मला न विचारता?”

“तुला विचारलं असतं तर तू काय हो म्हणाली असतीस?”

 आईनं भारा असा खेचला की चिखलाचा फवारा दोरवाल्याच्या छातीवर उडाला. तो ते पुसत राहिला.

त्याच दुपारी ती हातपाय धुऊन गावच्या शाळेत गेली. सुटीतही तिथं मागं पडलेल्या मुलांचा जादा वर्ग भरायचा. मोठ्या बाई टेबलावर पंखा लावून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हत्या; गोड बोलून टोलवायची त्यांना सवय नव्हती, एवढंच.

“माझ्याकडं एक सेविका आणि वर्गभर मुलं,” त्या म्हणाल्या. “अक्षर येऊ दे, न येऊ दे, मी बसवून घेईन. पण तहान लागली आणि संडासला जायचं झालं, या दोन गोष्टी तिनं सांगितल्या पाहिजेत. बोटानं सांगू दे, कसंही सांगू दे. तिनं सांगायचं, मी ओळखायचं नाही.”

“मला सगळं कळतं हो तिचं. नुसती मान हलली तरी कळतं.”

“तुम्हाला कळतं. तुम्ही येणार आहात का वर्गात बसायला?”

 आई उठली. दारात थांबून म्हणाली, “शाळा उघडेपर्यंत ती सांगायला लागेल.” कशाच्या जोरावर म्हणाली, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

अशा मुलांना शिकवणारी एक बाई आठवड्यातून एकदा स्कूटरवरून गावोगाव फिरायची. आईनं तिला निरोप धाडला. बाई आली ती चित्रांची पाकिटं घेऊन. पेल्याचं चित्र, चेंडूचं चित्र, गाईचं चित्र. भोवरीनं गाईचा वास घेतला, चेंडू दुमडला आणि पेल्याचा कोपरा चावून बघितला. बाईंनी हसून चित्रं पिशवीत टाकली.

“आज मी नुसती बसते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तुमचं काम करा.”

“नुसती बसायला एवढ्या लांबून?” आत्या ओसरीवरून म्हणाली. “मग माझी पण लावा नोकरी. मला छान बसता येतं.”

अंगणात दोर वळायचं काम चालू झालं. एका टोकाला चाक, ते दोरवाला फिरवायचा. बायको कमरेच्या झोळीतून वाख सोडत उलट्या पावलांनी मागं मागं जायची, पार अंगणाच्या टोकाच्या बाभळीपर्यंत. वाखाची धूळ फार, म्हणून दोघांच्या नाकातोंडाला फडकी. ओरडून ऐकू जायचं नाही. म्हणून दोरवाल्यांची रीतच होती: पिळालाच हिसका द्यायचा. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे फिरव.

भोवरी मधल्या वाटेत पिळाखाली बसली होती. चाक थांबलं. दोरवाला वाट बघत उभा राहिला. बायकोही तिकडं उभी.

“का थांबवलंस?” फडकं काढून त्यानं हाक दिली.

“मी कुठं थांबवलं? तुम्हीच थांबलात.”

“हिसका दिलास ना.”

“मला कशाला हिसका द्यायचाय? हात का दुखतात तुमचे? तसं सांगा की.”

दोघांची जुंपायच्या बेतात असताना चाकाशी पुन्हा दोन हिसके आले. दोरवाल्यानं हाताच्या सवयीनं चाक फिरवलं आणि मग त्याच्या ध्यानात आलं की बायकोचे दोन्ही हात तर कमरेवर आहेत. ओसरीवर बाई तोंडाला हात लावून हसत होत्या.

“भांडण चालू द्या तुमचं,” त्या म्हणाल्या. “पण तुम्हाला दोघांना त्या पोरीनं थांबवलं. आणि कामाला लावलंही तिनंच.”

भोवरी पिळावर बोटं ठेवून बसली होती. तोंड हसरं. तिनं पुन्हा एकदा हिसका दिला. दोरवाला थांबला. दोन दिले. दोरवाल्यानं चाक फिरवलं. असं किती वेळ चाललं कोण जाणे. त्या दिवशीचा पीळ सगळा वाकडातिकडा झाला आणि उकलून टाकावा लागला. आईचा ऊर भरून आला होता. आपली पोर दगड नाही हे तिला माहीतच होतं, पण आज ते सगळ्यांनी बघितलं होतं.

निघताना बाईंनी तिला बाजूला घेतलं. “एक सांगू? राग मानू नका. सकाळपासून ती माठाकडं नुसती वळली की तुम्ही पेला भरून तोंडाला लावता. तिला मागूच देत नाही तुम्ही.”

“तहानेल्या पोरीला पाणी द्यायचं नाही?”

“द्यायचं. तिनं मागितल्यावर. खरा पेला तिच्या हाताशी ठेवा. ती माठापाशी आली की समोर उभं राहायचं, हात पसरायचा, आणि थांबायचं. तिनं पेला हातात दिला की लगेच ‘पाणी’ म्हणायचं आणि भरून द्यायचं. तेवढंच.”

“आणि नाही दिला तर?”

“तर आणखी थोडं थांबायचं. ताटकळत नाही ठेवायचं, पण धावायचंही नाही. बोला, जमेल?”

“त्यात काय,” आई म्हणाली.

त्यात काय होतं ते दुसऱ्या दिवशीच कळलं. भारे ओढणं परवडलं, पण हे थांबणं नको. भोवरी माठापाशी येऊन उभी राहायची, ओठ चाटायची, आईचा हात धरून माठाकडं ढकलायची. आई हात पसरून उभी. पोर रडायला लागायची, मग किंचाळायची, मग जमिनीवर लोळण.  शेवटी आईनंच पोरीच्या बोटांत पेला द्यायचा, तो स्वतःच्या तळव्यावर टेकवून घ्यायचा, “पाणी” म्हणायचं आणि पाजायचं. बाईंनी तेही चालेल म्हणून सांगितलं होतं.

आत्याला हे अजिबात पटलं नाही. “कसली मेली शाळा ही. पाण्यावाचून पोर तडफडतेय आणि ही उभी पुतळ्यासारखी.” आई जरा नजरेआड झाली की आत्या गुपचूप पेलाभर पाणी पाजायची. कसं कळलं? पोर दिवसभर माठाकडं फिरकेना, आणि आत्याचा पदर मात्र ओला.

“अक्का, तुम्ही पाजलंत.”

“पाजलं. पाप केलं का?”

“पाप नाही. पण मग शहरातून गाडी येईल तेव्हा तुम्हीच तिला गाडीत बसवा. मी नाही बसवणार.”

  दुसऱ्या दिवसापासून पोर माठापाशी आली की आत्या डोळे गच्च मिटून, तळवा पुढं करून बसायची. डोळे उघडले की दया येते म्हणायची.

संडाससाठी आईनं आधी टमरेल ठरवलं होतं. पण पेला काय आणि टमरेल काय, दोन्हींत पाणीच. पोर एकाऐवजी दुसरं द्यायची आणि मग भलतंच व्हायचं. आत्या म्हणाली, पाणी मागितलं की परसाकडं नेता, आणि परसाकडं लागली की पाणी पाजता, तुमच्यापेक्षा पोरीलाच जास्त अक्कल आहे. मग आईला सुचलं. संडासाच्या दाराला आतून लावायची एक लाकडी खुंटी होती, भोवरीला ती फिरवत बसायला आवडायचं. आईनं सरळ ती खुंटी उपसून आणली. पेला आणि खुंटी, दोन्हींना मऊ गोंडेदार दोरी करून पोरीच्या कमरेला लटकवली. दाराला आता खुंटी नाही, म्हणून आत्या आत गेली की मोठमोठ्यानं गात बसायची, कुणी दार ढकलू नये म्हणून. शेजारणी म्हणायला लागल्या, अक्का अलीकडं भलत्याच खुशीत असतात.

आणि एका सकाळी, आई चुलीपाशी वाकलेली असताना, तिच्या कोपराला गार काहीतरी लागलं. बघते तर पेला. भोवरीनं धरलेला, तिच्याकडं केलेला. ना हात पसरला होता, ना कुणी सांगितलं होतं. आईनं “पाणी” म्हटलं आणि पेला भरला. पाणी देऊन झाल्यावर ती तिथंच मांडी घालून बसली आणि पोटभर रडली. चुलीवरचं दूध उतू गेलं, तिकडं आत्यानंही कानाडोळा केला.

चार-आठ दिवसांत खुंटीही यायला लागली. आई ताठ मानेनं पोरीला घेऊन शाळेत गेली.

“वर्गात सोडा तिला,” मोठ्या बाई म्हणाल्या, “आणि तुम्ही फाटकाबाहेर थांबा.”

भोवरी सेविकेशेजारी बसली. ऊन चढलं. पोरीला तहान लागली तशी ती उठली, कमरेचा पेला हातात घेतला. आई फाटकाचे गज धरून बघत होती आणि मनात म्हणत होती, दे, दे. भोवरी सेविकेच्या पुढून गेली, मोठ्या बाईंच्या पुढून गेली, मैदान ओलांडून थेट फाटकाशी आली आणि गजांमधून पेला आईकडं केला.

आईनं हात मागं घेतले. मागं घेऊन एकमेकांत गच्च धरले. “बाईंना दे, बाळा. त्या बाईंना.” पोरीला काय कळणार? तिनं पेला आणखी पुढं केला, मग गजांवर आपटला, मग डोकं आपटलं. आईनं पाठ फिरवली. पाठीमागं पोरीचा आवाज चढत गेला, तसे तिचे खांदे कानांपर्यंत वर आले.

मोठ्या बाई येऊन भोवरीला उचलून उभ्या राहिल्या. “तिला मागता येतं,” त्या हळू म्हणाल्या. “पण तुमच्याकडंच. उद्या तुम्ही नदीवर, आणि ही या फाटकाशी दिवसभर. मी कसं घेऊ, सांगा.”

यात बाईंचं काहीच चुकलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

शिकवणाऱ्या बाई त्या आठवड्यात आल्या तेव्हा त्यांनी ऐकून कपाळावर हात मारला. “चूक माझी. शिकवलं सगळं तुम्ही, तेव्हा तिच्या लेखी पाणी देणारं माणूस जगात एकच. आता तिनं दुसऱ्यांना मागितलं पाहिजे. जितकी जास्त माणसं, तितकं बरं. तुम्ही मागं उभं राहायचं, तिचा हात पुढं करायचा, पण स्वतः काही द्यायचं नाही.”

शाळा उघडायला आता थोडेच दिवस होते. आईनं तळ्यावरचं काम सकाळी लवकर उरकायचं ठरवलं आणि उन्हं तापली, पोरीला तहान लागायची वेळ झाली, की तिला घेऊन गावात निघायची. शेजारणींनी पाणी दिलं. सायकलवाल्यानं दिलं, वर एक जुनी घंटीही वाजवून दाखवली. न्हाव्यानं दिलं. किराणावाला गिऱ्हाइकात गुंतला होता. काउंटरवर एक रिकामा पेला आणि त्यामागं एक मळकी पोर दिसल्यावर त्यानं वर न बघता मूठभर धान्य पेल्यात टाकलं आणि “जा पुढं” म्हणाला.

भोवरी पेल्यातल्या दाण्यांकडं बघत राहिली. दुकानातलं एक गिऱ्हाईक हसलं. आईचा चेहरा तापला. क्षणभर वाटलं, पोरीला उचलावं आणि पळावं. पण पळालं तर पोर काय शिकणार? पेला पुढं केला की पळायचं असतं, हे? तिनं पेला घेऊन धान्य काउंटरवर पालथं केलं.

“पाणी द्या, दादा. एवढंच मागतेय ती. आणि माझ्या हातात नका देऊ, तिच्या हातात द्या.”

किराणावाल्यानं आता वर बघितलं. ओळख पटली तसा तो खजील झाला आणि स्वतः उठून मागच्या खोलीतून पाणी घेऊन आला.

पण गावाला तेवढं पुरे होतं. संध्याकाळपर्यंत बातमी तळ्यावर पोचली, आणि पोचेपर्यंत तिला हातपाय फुटले होते. दोरवाला घरी आला तो चिखलाच्या पायांनी सरळ आत.

“माझी पोर दारोदार भीक मागते म्हणे.”

“पाणी मागते.”

“रिकामा पेला घेऊन दारात उभं राहायचं, याला दुसरं काय म्हणतात? मी अजून मेलो नाही. उद्यापासून बंद.”

“उद्या सुताराकडं नेणार आहे.”

“बंद म्हटलं ना.”

“तुम्ही म्हटलंत. मी ऐकलं. उद्या सुताराकडं आणि परवा गिरणीत.” आईनं त्याच्याकडं न बघता पोरीचे पाय पुसले. “गावाला हसायचं तेवढं हसू दे. तिथं शहरात कोण तिला ओळखणार आहे? तहान लागल्यावर ती कुणाचा हात धरून ढकलेल?”

“सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही,” आत्या कोपऱ्यातून म्हणाली. कुणाला उद्देशून, ते तिनं सांगितलं नाही. दोघांनाही ते आपल्यालाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोरवाला रागारागानं एकटाच चाकाशी बसून जुने पीळ उकलत होता. आई मागच्या बाजूला वाख झाडत होती. भोवरी फिरत फिरत आली आणि त्याच्यापुढं उभी राहिली. त्यानं लक्ष दिलं नाही. मग त्याच्या गुडघ्यावर पेला टेकला.

आता, या माणसानं पोरीसाठी काय केलं नव्हतं? खांद्यावरून दवाखान्यात नेलं होतं, ताप आला की काम सोडून बसला होता. पण तिनं आजवर त्याला काही मागितलं नव्हतं. त्यानं सवयीनं मागं बघितलं, आई आहे का. मग पोरीकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती, त्याच्या हाताकडं बघत होती, आणि पेला धरलेला हात हलत नव्हता.

“मला?” तो म्हणाला. “मला मागतेस?”

तो उठला. माठापर्यंत जाताना त्याचा पाय दोराच्या भेंडोळ्यात अडकला. पाणी आणताना अर्धं सांडलं. “पाणी,” तो म्हणाला, आणि घसा खाकरून पुन्हा म्हणाला, “पाणी घे.” आईनं वाख झाडता झाडता ते सगळं बघितलं.  झाडायचा हात तेवढा जोरात चालायला लागला.

त्यानंतर त्यानं ‘बंद’ हा शब्द काढला नाही. पण शहरातली जागाही सोडली नाही. “शाळेच्या दिवशी बघू,” एवढंच म्हणाला. आत्यानं भोवरीचे दोन कपडे धुऊन, घडी घालून एका पिशवीत ठेवले होते. ती पिशवी खुंटाळ्यावर टांगलेली असायची, आणि येता-जाता आई तिच्याकडं पाठ करायची.

शाळा उघडली. तळ्यात आता मधोमध एक डबकं उरलं होतं. दोरवाला पहाटेपासून चाक सुटं करून हातगाडीवर बांधत होता. नदी तर धरायचीच होती, पोर कुठंही गेली तरी. आईनं भोवरीची वेणी घातली, पेला आणि खुंटी घासून पुसून कमरेला बांधली आणि तिला मोठ्या बाईंच्या हवाली केलं; सुटल्यावर तिला घरी आणायला शेजारीण यायची होती.

“तुम्ही घरी जा,” बाई म्हणाल्या. “फाटकाशी थांबू नका.”

“नाही थांबत,” आई म्हणाली, आणि फाटकाशी थांबली नाही. रस्त्यापलीकडं सायकलवाल्याची टपरी होती, तिच्यामागं जाऊन उभी राहिली. सायकलवाल्यानं काही न विचारता एक उलटी सायकल अशी मांडली, की चाकाआडून तिला शाळा दिसावी.

पहिला तास गेला. मुलांचा गलका होता, त्यात पोरीचा आवाज कानात प्राण आणून ती शोधत होती. रडणं नाही, किंचाळणं नाही. ऊन वर आलं. पत्रा तापला. सायकलवाल्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर ती नको म्हणाली. पोर प्यायल्याशिवाय तिला ते घशाखाली उतरणार नव्हतं.

मग भोवरी व्हरांड्यात आली. हातात पेला. सेविका तिकडं खांबाशी बसून पाट्यांची चळत पुसत होती, पाठमोरी. भोवरी व्हरांड्याच्या कडेला आली आणि तिनं रस्त्याकडं बघितलं. पोरीची नजर कुणावर ठरत नसे, सगळ्यांवरून ती वाऱ्यासारखी जायची. ती तशीच टपरीवरून गेली. आणि परत आली. आईला कळलं, बघितलं तिनं आपल्याला.

आता ती येणार. भोवरी एक पायरी उतरली. आईचा हात आपोआप वर यायला लागला होता. तिनं सायकलच्या चाकात बोटं घालून आरे घट्ट धरले. येऊ नकोस, ती म्हणत होती. आणि आतून दुसरंही कुणीतरी म्हणत होतं, ये.

भोवरी पायरीवर थांबली. पेल्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग वळली. पुन्हा पायरी चढली, चालत चालत सेविकेपाशी गेली आणि तिच्या पाठीला पेला टेकवला. सेविका दचकली.

“काय गं?”

पेला तसाच. सेविकेनं इकडंतिकडं बघितलं, वर्गाच्या दाराकडं बघितलं. दारात मोठ्या बाई येऊन उभ्या होत्या, पण त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही.

“पाणी होय?” सेविका म्हणाली. “मग चल की. कोपऱ्यात पिंप आहे, ये.”

भोवरी तिच्यामागून गेली. पेलाभर प्यायली, उरलेलं पायावर ओतून घेतलं आणि गार लागलं म्हणून तिथंच एक गिरकी घेतली. मागं वळून बघितलं नाही. मोठ्या बाईंनी तिचा हात धरून तिला वर्गात नेलं आणि जाता जाता रस्त्यापलीकडं, टपरीच्या दिशेनं, होकाराची मान हलवली.

आई सायकलच्या आऱ्यांतून बोटं सोडवून घरी निघाली. इतकी वर्षं पोरीचं फक्त आपल्यालाच कळतं, हे तिनं दुःख म्हणून सगळ्यांना सांगितलं होतं. ते आपलं वैभवही होतं, हे आज कळत होतं, आणि ते आपणच आपल्या हातानं दारोदार वाटून आलो. छातीत असं काही दुखत होतं की पाऊल उचलेना, आणि तरी तिला कुणी विचारलं असतं तर तिनं ते पुन्हा तसंच केलं असतं.

अंगणात दोरवाला हातगाडीचा दोर आवळत होता. आत्या ओसरीवर, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. बायकोचे डोळे बघून त्याचे हात थांबले.

“काय झालं?”

“मी दिसले तिला,” ती म्हणाली. “तहान लागली होती. मी समोर होते. आणि माझ्याकडं आली नाही.”

दोरवाल्याला आधी काही उमगेना. मग तो खाली बघून उगाच गाठ चाचपत राहिला. आत्यानं पिशवीतले कपडे काढून घडी मोडली आणि दोरीवर वाळत घातले; धुतलेले, वाळलेले होते तरी.

“बस जरा,” दोरवाला म्हणाला. “पाणी देऊ?”

“नको.” आईनं डोळे पुसले, फडकं डोक्याला बांधलं आणि हातगाडीच्या मागं जाऊन दोन्ही हात टेकवले. “चला. नदी लांब आहे.”